आठ सप्टेंबरला थांबलेला पाऊस

२०१५ सालचा मोसमी पाऊस मराठवाड्यात कधी आला, कुठे थबकला आणि किती दिवस गायब होता, हे एका हलत्या नकाशात दाखवायचं काम मी हाती घेतलं होतं. आकडेवारी हाताशी होती. भारतीय हवामान विभागाच्या पुण्यातल्या कार्यालयाकडून देशभरच्या दैनंदिन पावसाची चौकटीवार माहिती मिळते. पाव अंश अक्षांश आणि पाव अंश रेखांशाची एकेक चौकट, आणि १९०१ पासूनच्या प्रत्येक दिवसासाठी त्या चौकटीचा एक आकडा. सबंध देशासाठी आडव्या १३५ आणि उभ्या १२९ चौकटी असतात. मराठवाड्यापुरता तुकडा कापला की दोनशेच्या आसपास उरतात. १ जून ते ३० सप्टेंबर हे १२२ दिवस. रोजचा एक नकाशा, असे एकापाठोपाठ एक दाखवले की झालं. पायथनमधली मॅटप्लॉटलिब ही लायब्ररी मी रोज वापरत होते आणि तिच्यात याच कामासाठी फंकॲनिमेशन नावाची सोय होती. आठवड्याभरात जमेल असं मी ज्या ग्रामीण संस्थेसाठी हे करत होते तिला कळवून टाकलं.

सुरुवातीला स्क्रीनवर काही हललंच नाही. मी ज्युपिटर नोटबुकमध्ये काम करत होते आणि तिथे चित्रं ‘इनलाइन’ पद्धतीने उमटतात. म्हणजे प्रत्येक आकृतीचा एक स्थिर फोटो काढून तो पानावर चिकटवला जातो. त्या फोटोला हलता येत नाही, कारण मागे कोणतीही जिवंत खिडकी नसते. हे कळायला मला वेळ लागला, कारण मी कोड तपासत बसले होते आणि कोडमध्ये चूक नव्हती. चित्र कुठे आणि कशाच्या मदतीने रंगवायचं हे ठरवणारा भाग, ज्याला बॅकएंड म्हणतात, तो बदलायला हवा होता. तो बदलला, खिडकी उघडली, आणि पहिल्या दिवसाच्या नकाशावर सगळं गोठलं. ॲनिमेशन तयार करणारं फंक्शन मी वेगळं लिहिलं होतं आणि त्यातून तयार झालेली वस्तू बाहेर कुठल्याच नावाशी बांधून ठेवली नव्हती. फंक्शन संपलं की पायथनने ती निकामी समजून स्मृतीतून काढून टाकली, आणि तिच्याबरोबर पुढची चित्रं आणणारा टायमरही गेला. आता अशा वेळी ‘ॲनिमेशन काही न दाखवताच नष्ट झालं, ते एखाद्या व्हेरिएबलमध्ये ठेवा’ अशी सूचना येते. तेव्हाच्या आवृत्तीत ती येत नसे.

मग नकाशा उलटा आला. लातूर-उस्मानाबाद वर आणि जालना-औरंगाबाद खाली. आकडेवारीची पहिली ओळ दक्षिणेकडची आणि ‘इमशो’ हे फंक्शन मात्र पहिली ओळ चित्राच्या माथ्यावर ठेवतं. ते एका शब्दाने दुरुस्त झालं.

हे सगळे बिघाड त्रासाचे होते, पण समोर दिसत होते. उलटा नकाशा कोणी खरा मानत नाही. माझी खरी चूक यानंतरची आहे, आणि ती मी एक बिघाड दुरुस्त करताना केली.

नकाशा हलायला लागला तेव्हा दोन गोष्टी खटकल्या. वर शीर्षकात लिहिलेली तारीख १ जूनवरून पुढे सरकत नव्हती. आणि जूनमध्ये जरा जोराचा पाऊस आला की सगळ्या चौकटी एकजात गडद निळ्या होत होत्या, त्यांच्यातला कमीजास्तपणा दिसत नव्हता. दोन्हींची कारणं आज मला नीट माहीत आहेत. वेग वाढवण्यासाठी मी ‘ब्लिट’ चालू ठेवलं होतं. त्यात आलेखाच्या चौकटीच्या आतला भागच दर वेळी नव्याने रंगवला जातो. शीर्षक त्या चौकटीबाहेर असतं, म्हणून ते पहिल्या दिवसाचंच राहतं. रंगांचं कारण वेगळं होतं. एकदा काढलेल्या चित्रात फक्त आकडे बदलले तर रंगांची मापपट्टी पहिल्या चित्रावरून ठरलेली असते तीच राहते. हंगामाच्या पहिल्या दिवसाचे आकडे लहान असतात. त्यांच्यावर बेतलेल्या पट्टीत नंतरचा सगळा पाऊस वरच्या टोकाला जाऊन बसतो.

मी कारणं शोधली नाहीत. दोन्ही तक्रारी एकदम मिटवणारा उपाय मला सापडला होता. दर दिवशी आधीचं चित्र पुसायचं आणि इमशो नव्याने बोलवायचं. ब्लिट काढून टाकलं, दोन ओळी बदलल्या, आणि तारीख पळायला लागली. रंगही छान उमटू लागले. प्रत्येक दिवशी फिकट निळ्यापासून गडद निळ्यापर्यंत सगळ्या छटा दिसत होत्या. मला तो नकाशा अतिशय देखणा वाटला आणि काम झालं असं मी मनाशी ठरवलं.

त्या दोन ओळींनी काय केलं होतं ते सांगते. इमशोला मापपट्टीची खालची आणि वरची मर्यादा सांगितली नाही, तर ते समोरच्या आकड्यांतला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा घेऊन स्वतःच पट्टी आखतं. मी ते दर दिवशी नव्याने बोलवत होते, म्हणून पट्टी दर दिवशी वेगळी होती. ज्या दिवशी सबंध विभागात जास्तीत जास्त चार मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी चार मिलिमीटरची चौकट गर्द निळी. ज्या दिवशी ऐंशी पडला, त्या दिवशी ऐंशीची चौकट तितकीच गर्द निळी. कोरडा ऑगस्ट आणि ओला जून दिसायला सारखेच झाले. ज्या नकाशाने पावसाचा अभाव दाखवायचा, तो रोज कुठे ना कुठे भरपूर पाऊस दाखवत होता.

बाजूला रंगपट्टी असती तर हे मला दिसलं असतं. तिच्यावरचे आकडे दर दिवशी उड्या मारताना पाहून शंका आली असती. पण रंगपट्टीही मीच काढून टाकली होती. चित्र रोज नव्याने काढताना पट्टीही रोज नवी जोडली जात होती. आधीची पुसली जात नव्हती, आणि प्रत्येक नवी पट्टी नकाशाची थोडी जागा खात होती. काही क्षणांत नकाशा एका कोपऱ्यात आक्रसून जायचा. रंगपट्टी वगळल्यावर ती कटकट संपली. वाचणाऱ्याला मोजमाप देणारी नकाशावरची एकमेव गोष्ट मी दिसायला अडचण होते म्हणून काढली, आणि तेव्हा माझ्या मनात एकदाही आलं नाही की आता या निळ्याचा अर्थ कोणाला कसा कळणार.

मे २०१६ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बैठक होती. त्याआधी एप्रिलमध्येच मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. २०१४ आणि २०१५ अशी दोन वर्षं ओळीने पाऊस कमी पडला होता. २०१५ मध्ये देशाचा हंगामी पाऊस सरासरीच्या ८६ टक्के होता आणि मराठवाड्यातली तूट त्याहून बरीच मोठी होती. बैठकीला शेतकरी होते, संस्थेचे कार्यकर्ते होते, कृषी खात्यातले दोघे होते. मी प्रोजेक्टरवर नकाशा लावला. निळे ढग आल्यासारखे आले, पसरले, विरले, परत आले. तो संपल्यावर एक वयस्कर शेतकरी उठून म्हणाले, “ताई, इतका पाऊस आमच्याकडं पडला असता तर रेल्वेनं पाणी कशाला आणावं लागलं असतं?”

मी उत्तर दिलं की आकडेवारी अधिकृत आहे. ते खरंही होतं. आकडेवारीत काहीच चूक नव्हती. पण त्यांचा प्रश्न नकाशाला होता आणि मी उत्तर आकडेवारीचं दिलं. ज्या माणसाने तो हंगाम स्वतःच्या रानात उभं राहून पाहिला होता, त्याचं म्हणणं मी त्या क्षणी तपासून पाहायला हवं होतं. लॅपटॉप समोर होता. ऑगस्टमधल्या चार दिवसांचे आकडे छापून पाहायला एक मिनिट पुरलं असतं. मी ते केलं नाही, कारण सगळ्यांसमोर कोड उघडायला मला संकोच वाटला. दुसऱ्या एकाने तारखेबद्दल विचारलं : आमच्याकडे पाऊस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या नकाशात दिसतो, असं कसं? याचं उत्तर मला माहीत होतं. हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. नकाशावर ८ तारीख असेल, तर तो पाऊस ७ तारखेच्या सकाळी साडेआठपासून ८ च्या सकाळी साडेआठपर्यंतचा. नकाशावर मात्र नुसती तारीख होती. हे सांगितलं, पण तोवर लोकांचं लक्ष उडालं होतं. त्यानंतर मी पेरणीच्या तारखांबद्दल जे बोलले ते बरोबर होतं आणि कोणी ऐकलं नाही.

खरं नुकसान पुढे झालं. संस्थेने पीकनुकसानीचं एक निवेदन तयार केलं होतं आणि माझ्या नकाशातली ऑगस्टमधली काही चित्रं त्याला जोडली होती. निवेदन वाचणाऱ्या अधिकाऱ्याने त्याच चित्रांवर बोट ठेवलं. तुमच्याच नकाशात या काळात पाऊस दिसतोय, मग खंड कुठे आहे? त्याच्या जागी मी असते तरी हेच विचारलं असतं. संस्थेला निवेदन मागे घेऊन नव्याने द्यावं लागलं. ज्या कार्यकर्त्या बाईंनी गावोगाव फिरून माहिती गोळा केली होती त्यांनी मला फोन केला आणि फक्त एवढंच विचारलं, “ताई, चित्रं चुकली होती का?” मी तेव्हा कोड पुन्हा उघडला. पट्टीच्या मर्यादा छापून पाहिल्या आणि बारा वाजून गेल्यावर त्यांना उलटा फोन करून हो म्हणून सांगितलं.

मॅटप्लॉटलिब जॉन हंटर यांनी २००३ मध्ये लोकांसाठी खुली केली. ते मेंदूविज्ञानाचे संशोधक होते आणि अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युत संकेत पाहण्यासाठी त्यांना साधन हवं होतं. २०१२ मध्ये, अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, ते गेले. मी त्यांची लायब्ररी वर्षानुवर्षं वापरली आणि तिला दोष देण्याचं मला काही कारण दिसत नाही. तिच्या आपोआप ठरणाऱ्या सेटिंग्ज म्हणजे समोरचे आकडे कशाचे आहेत हे माहीत नसलेल्या माणसाने केलेला अंदाज आहे. एकाच चित्रासाठी तो अंदाज बहुतेकदा उत्तम असतो. एकामागून एक येणारी चित्रं बघणारा माणूस मात्र त्यांची आपसांत तुलना करत असतो. ती तुलना खरी ठरायची तर सगळ्या चित्रांना एकच मापपट्टी हवी, आणि ती लायब्ररी आपल्यासाठी ठरवू शकत नाही. माझे आकडे कशाचे आहेत हे मला माहीत होतं. तरीही मी ते ठरवलं नाही.

दुरुस्ती करायला बसले तेव्हा आणखी तीन गोष्टी निघाल्या, आणि त्यातली एक मला आजही सर्वांत जास्त लागते.

पहिली नकाशाच्या गुळगुळीतपणाची. तेव्हाच्या आवृत्तीत इमशो शेजारशेजारच्या चौकटींचे रंग एकमेकांत मिसळून दाखवत असे. पाव अंशाची चौकट म्हणजे साधारण सत्तावीस किलोमीटरची बाजू. इतक्या जागेला एकच आकडा असतो. रंग मिसळल्यावर मात्र वाटतं की नकाशाला प्रत्येक गावाचा पाऊस ठाऊक आहे. बैठकीत लोक पडद्याजवळ येऊन आपापलं गाव शोधत होते, ते यामुळेच. जानेवारी २०१७ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीपासून मूळ सेटिंग बदललं आणि चौकटी चौकटींसारख्याच दिसू लागल्या. मी ते त्याआधीच हाताने बदललं होतं. नकाशा ओबडधोबड दिसतो, आणि त्यात जेवढी माहिती आहे तेवढीच तो सांगतो.

दुसरी वेगाची. दोन चित्रांमधलं अंतर न सांगितल्यास दोनशे मिलिसेकंद धरलं जातं. मला ते रेंगाळल्यासारखं वाटलं, म्हणून मी पन्नास केलं. सेकंदाला वीस दिवस. या वेगाने तीन आठवड्यांचा पावसाचा खंड एका सेकंदात निघून जातो. कोरडवाहू शेतकऱ्याच्या वर्षाचा निकाल लावणारी गोष्ट तीच असते : पेरलेलं उगवून करपणं, बियाण्यासाठी पुन्हा पैसे उभे करणं, दुबार पेरणी. माझ्या नकाशात त्या तीन आठवड्यांना डोळ्याची पापणी लवण्याइतकी जागा होती. पाऊस मात्र ठसठशीत दिसत होता, कारण हलतं ते डोळ्यात भरतं आणि काही न होणं पाहायला वेळ द्यावा लागतो. मी अंतर पाचशे मिलिसेकंद केलं. १२२ दिवसांना एक मिनिट लागतं. पाहणाऱ्याला खंडात कंटाळा येतो, आणि तो यायला हवा.

तिसरी गोष्ट म्हणजे माझी फाइल ३० सप्टेंबरपर्यंत जातच नव्हती. खिडकीत चालवून पाहताना ॲनिमेशन शेवटच्या दिवसापर्यंत जायचं. तेच व्हिडिओ म्हणून साठवलं की ८ सप्टेंबरला संपायचं. दिवस एकेक करून पुरवण्यासाठी मी जनरेटर लिहिला होता. जनरेटरमध्ये एकूण किती घटक आहेत हे आधी कळत नाही. अशा वेळी किती चित्रं साठवायची हे ‘सेव्ह काउंट’ या सेटिंगने सांगायचं असतं, आणि ते सांगितलं नाही तर त्या काळच्या आवृत्तीत शंभर धरले जात. जूनचे तीस, जुलैचे एकतीस, ऑगस्टचे एकतीस मिळून ब्याण्णव. शंभरावा दिवस ८ सप्टेंबर. उरलेले बावीस दिवस कोणतीही सूचना न देता गळून पडले होते. सहा सेकंदांऐवजी पाच सेकंदांची फाइल, कोणाच्या लक्षात येणार? मराठवाड्यात सप्टेंबरच्या पावसावर रब्बीची ओल आणि विहिरींचं पाणी अवलंबून असतं. तोच भाग मी कापून टाकला होता आणि बैठकीत त्याच नकाशावर हंगामाचं विवेचन केलं होतं. तयार फाइल मी शेवटपर्यंत लक्ष देऊन एकदाही पाहिली नव्हती. खिडकीत पाहिलं होतं, म्हणून फाइलही तशीच असणार असं धरून चालले.

नंतरच्या आवृत्त्यांत जनरेटरचं हे वागणं बदललं. पण असाच दुसरा खड्डा अजून आहे. नोटबुकमध्ये बटणांसह चालणारं ॲनिमेशन बसवताना त्याचा आकार वीस मेगाबाइटच्या वर गेला तर पुढची चित्रं टाकून दिली जातात. त्याची सूचना येते, पण ती नोटबुक चालवणाऱ्याला दिसते. पान पाहणाऱ्याला ॲनिमेशन तिथेच संपलं असं वाटतं. ही मर्यादा ‘एम्बेड लिमिट’ या सेटिंगने वाढवता येते.

नवा नकाशा मी असा केला. चित्र एकदाच काढायचं आणि पुढे त्यातले आकडेच बदलायचे. मापपट्टी हंगामभर एकच, आणि तिचे टप्पे हवामान विभाग वापरतो तेच : अडीच मिलिमीटरपासून हलका पाऊस, १५.६ पासून मध्यम, ६४.५ पासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार, २०४.५ पासून अत्यंत जोरदार. अडीचच्या खालच्या चौकटी पांढऱ्या, कारण हवामान विभाग तेवढ्या पावसाला पावसाचा दिवस मानत नाही. रंगपट्टी बाजूला कायम. तारीख नकाशाच्या आत, ‘सकाळी ८.३० पर्यंतचे २४ तास’ या शब्दांसह. यात देखणं काही उरलं नाही. ऑगस्टमध्ये पडदा कितीतरी वेळ पांढराच राहतो.

तो घेऊन मी पावसाळ्यात पुन्हा त्या गावी गेले. आधीचा नकाशा चुकीचा होता, चूक आकडेवारीची नव्हती, माझी होती, असं सुरुवातीलाच सांगितलं आणि दोन्ही नकाशे शेजारी लावले. मागच्या वेळी प्रश्न विचारणारे आजोबा त्या दिवशी आले नव्हते. निवेदनासोबत नवी चित्रं गेली. जुन्या चित्रांमुळे गेलेले दोन महिने मात्र कोणाला परत देता आले नाहीत.

आता मी विद्यार्थ्यांचं काम पाहते तेव्हा कोड वाचण्याआधी फाइल उघडते आणि शेवटची तारीख बघते. मग मधला कोणताही एक दिवस थांबवून त्यातल्या एका चौकटीचा आकडा मूळ आकडेवारीतून छापून मागते. एवढं पुरतं असं नाही, पण माझ्या चुकांपैकी बहुतेक यात सापडल्या असत्या.

एक काम अजून राहिलं आहे. बैठकीनंतर जुना व्हिडिओ कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवला आणि तो बराच फिरला. २०१५ चा मराठवाड्याचा पाऊस म्हणून तो नंतर एकदा माझ्याकडेच परत आला, माझं नाव नसलेला. तो परत बोलावणं माझ्या हातात नाही. त्याची ओळख सांगते : गुळगुळीत निळा नकाशा, बाजूला रंगपट्टी नाही, लांबी पाच सेकंद, आणि शेवटची तारीख ८ सप्टेंबर. तो तुमच्या फोनमध्ये किंवा एखाद्या अहवालात असेल तर काढून टाका, आणि ज्यांनी पाठवला त्यांनाही तसं कळवा.